भिंतीची पाठवणी

आमच्या पांढुर्ण्याच्या घरात, बैठकीच्या कोपऱ्यात, एक कोठी होती. कोठी म्हणजे चार इंची विटेची आडवी भिंत घालून केलेलं, माणूस आत उभा राहील एवढं कपाट. चार फूट रुंद, सहा फूट लांब, वर जवळजवळ छतापर्यंत. तिला एक बुटकं दार, दाराला कुलूप, आणि कुलपाला चावी नाही.

चावी माझ्या आजोबांनी नदीपलीकडच्या सावरगावकडे फेकली होती. आजोबांचं नावच दादाजी, त्यामुळे घरातले, गल्लीतले, बँकेतले सगळे त्यांना दादाजीच म्हणतात. "गोटमारीच्या दिवशी हाताशी गोटा नाही सापडला. खिशात चावी होती, तेच मारून देल्ली," असं ते सांगत. आता पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, दोन्ही गावं एकमेकांवर गोटे मारतात तेव्हा, जाम नदीच्या या काठावरून त्या काठावर काय काय उडालं, हे पांढुर्ण्यात कोणी विचारत नाही. आमच्या गल्लीत एकाचा मोबाईल, एकाची एक चप्पल आणि एकाची खालची बत्तीशी त्याच दिवशी गेली म्हणतात. बत्तीशीवाला तर त्या दिवशी छिंदवाड्याला होता. तरी लोकांनी मानलं. चावीचंही मानलं.

कोठीत काय आहे विचारलं की दादाजी म्हणायचे, "जुनी भांडी न् कागदं." जुन्या भांड्यांत कोणाला रस नसतो आणि जुन्या कागदांची सगळ्यांना भीती असते, म्हणून पाच वर्षं कोणी पुढं विचारलं नाही.

मलाही त्या कोठीचं काही सुखदुःख नव्हतं. मला फक्त वैभवशी लग्न करायचं होतं.

वैभव लोधीखेड्याचा. सौंसरला बसस्टँडसमोर एका कृषी केंद्रात काम करतो. मी सौंसरच्याच एका खाजगी शाळेत कम्प्युटर ऑपरेटर. संध्याकाळी त्याची लोधीखेड्याची गाडी पाचची, माझी पांढुर्ण्याची साडेपाचची. दोन वर्षं तो माणूस रोज पाचची गाडी चुकवत होता आणि घरी सांगत होता की गाड्यांचा काही भरवसा राहिला नाही. त्या अर्ध्या अर्ध्या घंट्यांत आमचं सगळं ठरलं. घरी हे सांगायची सोय नव्हती, म्हणून त्याच्या मावशीला हाताशी धरून रीतसर स्थळ आणलं. दोन्हीकडचे बायोडाटे मीच टाईप केले. बाबांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून पाहिले आणि आईला म्हणाले, "पाय छाया, अक्षरसुद्धा जुळून राहिलं."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. अडलं ते घर पाहण्यावर. आमच्याकडे मुलाकडचे पोरगी पाहायला येतात, मग मुलीकडचे त्यांचं घर पाहायला जातात. बाबांना दोन्ही तारखा एकदमच ठरवायच्या होत्या. पण लोधीखेड्याहून दर वेळी एकच निरोप यायचा: आम्ही येतो, तुमचं येणं नंतर ठेवू, घरी रंगकाम सुरू आहे.

"चार महिने झाले रंगकामाले," बाबा म्हणाले. माझे बाबा हिरामण. ते कापसाची पऱ्हाटी लावतात, संत्रा काढतात आणि अपमान जपून ठेवतात. "देवगडचा किल्ला रंगवून राहिले का हे लोक? म्हणजे आपलं घर जसं आहे तसं दाखवाचं, न् त्यांचं रंगवल्याबिगर नाही?"

"रंगवतात हो लोक," आई म्हणाली. "त्याच्यात काय?"

"रंगवू दे न. त्यांच्या घरी रंग, तर आपल्या घरी हॉल."

हॉल हा शब्द बाबांनी माझ्या मावसाजींच्या नागपूरच्या फ्लॅटमधून आणला होता. तिथं एका सरळ खोलीत दोन सोफे, एक टीव्ही आणि एक मनीप्लांट होता. बाबांच्या मते आमच्या बैठकीत आणि हॉलमध्ये फरक एकच, तो म्हणजे ती कोठी. ती गेली की हॉल.

पाहुणे रविवारी यायचे होते. बाबांनी मिस्त्री बोलावला गुरुवारी. आणि पुढच्या रविवारी आत्यानं आणलेलं काटोलचं स्थळ यायचं होतं. आत्याला नाही म्हणणं आमच्या घरात आजवर कोणाला जमलेलं नाही. बाबांचं नाव हिरामणसुद्धा तिनंच ठेवलं. म्हणजे लोधीखेड्याचा होकार, आमच्या भाषेत 'हाव', मला याच रविवारी पाहिजे होता, त्याच बैठकीत, पाहुणे उठायच्या आत.

सुखदेव मिस्त्री पांढुर्ण्यातले सगळ्यात शांत मिस्त्री. त्यांनी बोटं वळवून भिंतीवर टकटक केलं, डॉक्टर पोट वाजवून पाहतो तसं, आणि म्हणाले, "अर्ध्या घंट्याचं काम आहे."

"पाडू नका," दादाजी खाटेवरून म्हणाले. "छत तिच्यावर आहे."

मिस्त्रींनी वर पाहिलं. भिंत आणि छत यांच्या मधात बोटभर फट होती. "नाही, दादाजी. छताचं न् तिचं बोलणंच नाही."

"मंग वास्तू बिघडंन."

"वास्तू तिच्यापायीच बिघडून आहे," बाबा म्हणाले. "पोरीचं लग्न नाही जमून राहिलं ते काहून?"

"आतले भांडे फुटतीन."

"पितळेचे भांडे फुटतात का कधी?"

दादाजींची कारणं संपली. ते उठले, बाहेर ओट्यावर जाऊन बसले आणि भिंतीकडे पाठ करून बिडी शोधू लागले. बिडी त्यांनी सहा वर्षांपूर्वी सोडली होती.

मिस्त्रींनी पहिला घण मारला. भिंतीवर घण पडला की घर हादरतं, शेजारचे विचारायला येतात, भांडी वाजतात. इथं नुसतं 'भुस' झालं. मिस्त्रींनी घणाकडे पाहिलं. परत मारला. परत भुस.

"तीस वर्षं झाली भिंती पाडून राहिलो," ते म्हणाले, "पण अशी तोंड दाबून मार खाणारी भिंत नाही पाहिली."

तिसऱ्या घणाला एक वीट आत गेली. ती पडल्याचा आवाजच आला नाही. घणाचं लोखंडी डोकंही दांड्यातून निसटून तिच्या मागोमाग गेलं. त्याचाही आवाज नाही. मिस्त्रींच्या हातात नुसता दांडा राहिला. त्यांनी तो खाली ठेवला आणि भोकातून कोपरापर्यंत हात घातला.

"हिरामणभाऊ, आत काहीतरी मऊ आहे."

"मऊ म्हणजे?"

"मऊ म्हणजे मऊ. न् गरम आहे."

आईनं चहाचा ट्रे खाली ठेवला आणि हात जोडले. बाबा दोन पावलं मागं सरले. "जनावर आहे का?"

"श्वास तं नाही घेऊन राहिलं," मिस्त्रींनी थोडा वेळ चाचपून सांगितलं.

आणि तेवढ्यात भिंतीनं पोट पुढं काढलं. आधी थोडंसं, जेवण झालेल्या माणसासारखं. मग वरच्या विटा एकेक करून उतरल्या, मिस्त्री बाजूला झाले, पण पुरेसे झाले नाहीत, आणि कोठीतून पांढरंशुभ्र असं काहीतरी ढकलाढकली करत बाहेर आलं. धूळ बसली तेव्हा बैठकीत छातीइतका ढीग होता आणि ढिगातून मिस्त्रींचं डोकं वर होतं, भुवयांपर्यंत पांढरं.

"कापूस आहे," ते शांतपणे म्हणाले.

कापूसच होता. सरकीसकट, वावरातून आणलेला, दीड-दोन क्विंटल तरी. आम्ही तिघं ओट्याकडे वळलो. दादाजी दारात उभे होते.

"माहा आहे," ते म्हणाले.

मग मला एकदम समजलं की दादाजींचा जेवणाचा डबा वावरात जाताना हलका आणि येताना जड काहून असायचा. रोज एक डबाभर, पाच हंगाम. चावीचं कोणी विचारलं नाही. चावी सावरगावला असती तर हा ढीग इथं नसता, एवढं सगळ्यांना दिसत होतं.

बाबांनी पाच मिनिटांत स्वतःला सावरलं. "गाडी भरंन अख्खी. व्यापाऱ्याले फोन लावतो."

दादाजी ढिगावर चढले आणि वर मांडी घालून बसले. "हा विकाचा नाही."

"काहून?"

"नाही म्हणजे नाही."

"मंग काय कराचं याचं? रविवारी पाव्हणे येऊन राहिले."

"ते तुह्या हॉलले विचार."

चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला ढिगावरून उचलून कापूस विकता येत नाही. अंगणात मलबा पडला होता. गच्चीवर वारा होता. शेजारी ठेवायला दिला असता तर संध्याकाळपर्यंत बातमी सौंसरला आणि रात्रीपर्यंत आत्याला पोचली असती. बाबा शुक्रवारी सकाळपर्यंत फेऱ्या मारत राहिले, आणि मग त्यांना जे सुचलं त्याच्यावर ते स्वतःच खूश झाले.

"हॉलमध्ये पाव्हणे टेकतात कायले?" त्यांनी विचारलं.

"सोफ्याले," मी म्हटलं.

"सोफा आहे का आपल्याकडं? मंग. लोड, तक्के, गाद्या. भारतीय बैठक. खोळी शिवा न् भरा."

"अहो, जुना कापूस आहे," आई म्हणाली. "सरकीसकट. खाज सुटंन लोकाले."

ज्यांच्या घरी कापूस साठवून ठेवलेला असतो त्यांना हे सांगावं लागत नाही. कापूस महिनोन्‌महिने घरात राहिला की त्यात बारीक किडे होतात आणि सगळं घर खाजवत बसतं. आईनं लग्नानंतरचा पहिला उन्हाळा तसाच काढला होता.

"डबल खोळ घाला," बाबा म्हणाले. "कोणता किडा दोन खोळी ओलांडून येते?"

आई शिवत राहिली, मी भरत राहिली. सात लोड, चार गाद्या, अकरा तक्के झाले. शनिवारी आमच्या तिघांच्याही हाता-मानेवर लाल गांध्या उठल्या. बाबांनी सुखदेव मिस्त्रींना फोन करून विचारलं. मिस्त्री म्हणाले की सिमेंटच्या धुळीची आहे, मलाही सुटली आहे, दोन दिवसांत जाते. आणि माझ्या घणाचं डोकं सापडलं का? बाबा म्हणाले, सापडलं की देतो. आम्ही सगळ्यांनी मिळून सिमेंटला शिव्या दिल्या.

दादाजी तीन दिवस ओट्यावरच होते. जेवायला आत यायचे, एखाद्या लोडावर हात फिरवायचे आणि परत जायचे. बाबांशी बोलत नव्हते.

रविवारी अकराच्या सुमारास लोधीखेड्याची गाडी आली. वैभवचे बाबा गुणवंतराव, आई वच्छलाबाई आणि मधात वैभव, मला कधीच न पाहिलेल्या माणसाचा चेहरा करून. गुणवंतराव उतरले, फाटकाच्या खांबाला पाठ टेकवली आणि दोनदा हळूच वर-खाली झाले. मला वाटलं, लांबून आले, अवघडले असतील. वैभवनं मला आधीच सांगून ठेवलं होतं की बाबांचं काही नाही, ठरवणारी आई आहे. घर आणि पोरगी दोन्ही आपल्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ती 'हाव' म्हणणार नाही.

"हा आमचा हॉल," बाबा म्हणाले.

"मोकळा आहे," वच्छलाबाई म्हणाल्या. चांगल्या अर्थानं म्हणाल्या. मला बरं वाटलं.

"बसा न. असे नाही, टेकून बसा. आरामात टेका. छाया, पंखा कर पाचवर."

आईनं पंखा पाचवर केला.

मी पोह्यांचा ट्रे घेऊन आली तोवर दहा मिनिटं झाली होती. बैठकीत बोलणं सुरू होतं, पण प्रत्येकजण बोलता बोलता दुसऱ्याच कशात तरी गुंतलेला दिसत होता. गुणवंतराव गाडीची चावी कॉलरच्या आत घालून संत्र्याच्या बहाराबद्दल बोलत होते. वच्छलाबाईंनी बांगड्या मागं सारल्या, पुढं आणल्या, परत मागं सारल्या. वैभवनं बायोडाट्याची फाईल पाठीमागं नेली होती आणि तिचा कोपरा कुठं तरी लावत होता. बाबा मागं सरकत सरकत कोपऱ्यात गेले, पाठ घासायला भिंत शोधत, आणि सरळ आडवे झाले. ज्या भिंतीला पाठ घासायची ती त्यांनी गुरुवारीच पाडली होती.

"किती शिकली, बाई?" वच्छलाबाईंनी मला विचारलं.

"बी.कॉम." माझ्या मानेवर, बरोबर केसांच्या खाली, एक जागा पेटली होती. दोन्ही हातांत ट्रे. मी खांदा कानापर्यंत नेला. वच्छलाबाईंना वाटलं मी लाजून राहिली. त्यांना ते आवडलं.

"स्वयंपाक?"

"येतो." मी दुसरा खांदाही नेला.

"लय लाजते पोरगी," गुणवंतराव म्हणाले आणि चावी पार खालपर्यंत नेली.

वैभवनं माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. नंतर कळलं, पापणीला खाज सुटली होती. पण आईनं ते पाहिलं, तिच्या कपाळावर आठ्या आल्या, आणि तिनं हातातली साखरेची वाटी खाली ठेवून हातांवर ओढलेला पदर मागं सारला. तिच्या दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत लाल गांध्या होत्या.

वच्छलाबाईंची नजर त्या गांध्यांवर गेली आणि त्यांचा चेहराच उतरला. त्यांनी नवऱ्याच्या कानात काही सांगितलं.

"पोहे तं खाऊ दे," गुणवंतराव हळूच म्हणाले.

"उठा म्हणते न." मग त्या आईकडे वळल्या. नजर वर न करता म्हणाल्या, "येतो आम्ही, ताई. मंग कळवतो."

कळवतो. आमच्याकडे या शब्दाचा अर्थ शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. 'कळवतो' म्हणून गेलेले लोक पुन्हा थेट कोणाच्या तरी तेराव्याला भेटतात. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी वैभवकडे पाहिलं, वैभव वच्छलाबाईंकडे पाहत होता, आणि मला पुढचा रविवार दिसला, काटोलचे पाहुणे दिसले, मधात बसलेली आत्या दिसली.

गुणवंतराव उठायला लागले. पण उठण्याआधी, शेवटची संधी म्हणून, त्यांनी लोडावर पाठ जोरात रेटली आणि डावीकडून उजवीकडे एकदा घासली. डबल खोळीची शिवण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उसवली. आधी कापूस बाहेर आला. मग त्यामागून सुखदेव मिस्त्रींच्या घणाचं डोकं आलं आणि फरशीवर ठण्‌कन पडलं.

"तरी म्हटलं, लोड एका जागी कडक काहून आहे," गुणवंतराव म्हणाले.

 पंखा पाचवर होता, आणि कापूस आता सगळ्यांच्या डोक्यावर सारखा पडत होता. गुणवंतरावांनी खाली वाकून एक बोंडभर कापूस उचलला. दोन अंगठ्यांमध्ये धागा ओढला, तुटू दिला, परत ओढला. एक सरकी काढून दाढेखाली फोडली. कापूस पाहिला की आमच्याकडचा माणूस सवयीनं हे करतोच. सासऱ्याच्या मयतीत पाहिला तरी करंल.

"तीन वर्षांचा आहे," ते म्हणाले.

"पाच," दारातून दादाजी म्हणाले. ते केव्हा आले, कोणाला कळलं नाही. "वरचा यंदाचा. खालचा पाच वर्षांचा."

"विकला काहून नाही?"

तीन दिवस बाबांना जे सांगितलं नाही, ते दादाजींनी या अनोळखी माणसाला उभ्या उभ्या सांगितलं. "पोरीच्या गादीचा आहे. हिच्या आजीनं येताना घरच्या कापसाची गादी आणली होती. पंचेचाळीस वर्षं झोपलो आम्ही त्या गादीवर. न् हा हिरामण म्हणते, या दिपालीले बाजारातून फोमची घेऊन देतो. वावरातला कापूस तं सकाळी वेचला का संध्याकाळी गाडीत. मंग पोरीच्या वाट्याचा राहते कुठं? म्हणून रोज डबाभर काढत गेलो."

"एका गादीले दीड-दोन क्विंटल?"

"मोजत कोण बसलं. लग्न लांबत गेलं, कापूस वाढत गेला."

मी डोळे पुसले. थोडं रडू होतं, थोडा कापूस होता. बाबा फरशीकडे पाहत राहिले, मग हात जोडून गुणवंतरावांसमोर आले. "माफ करा, पाव्हणे. चूक आमची आहे. आमच्या कापसानं तुमच्या अंगाची आग आग झाली. त्यासाठी पोरीले नाही म्हणू नका."

गुणवंतरावांनी बायकोकडे पाहिलं. "सांगून टाक, वच्छला."

"तुम्हीच सांगा."

"मी नाही सांगत. रंगकाम तुह्याच तोंडातून निघालं होतं."

वच्छलाबाई परत खाली बसल्या. मग त्यांच्या लक्षात आलं कशावर बसल्या, आणि त्या उभ्या राहिल्या. "रंगकाम-गिंगकाम काही नाही, ताई," त्या आईला म्हणाल्या. "आमच्या बैठकीत खालपासून वरपर्यंत कापूस भरून आहे. दिवाळीपासून. भाव वाढंन म्हणून यांनी थांबवून ठेवला. आम्ही तिघं स्वयंपाकघरात झोपून राहिलो, न् रात्रभर एकमेकाची पाठ खाजवून राहिलो. तुमाले घर दाखवतो कसं? आज खाजवत खाजवतच गाडीत बसलो. न् इथं तुमच्या हातावर गांध्या पाहिल्या. म्हटलं, झालं, आपणच घेऊन आलो. ज्यांच्या घरी सोयरीक कराची त्यांनाच खाज लावली. तोंड काय दाखवाचं? म्हणून उठली."

आणि इथं माझ्या तोंडून नको ते निघालं. चार महिने मी 'रंगकाम, रंगकाम' म्हणून बाबांची बोलणी ऐकली होती, आणि हा माणूस रोज साडेपाचपर्यंत माझ्या शेजारी बसून शेंगदाणे खात होता.

"तू मले सांगितलं काहून नाही?" मी वैभवला म्हटलं.

"लाज वाटली न," वैभव म्हणाला. "बसस्टँडवर काय सांगू, घरात कापूस आहे म्हणून?"

बैठक एकदम गार पडली. खाजवणारे हात जिथल्या तिथं थांबले. आई माझ्याकडे पाहू लागली, बाबा वैभवकडे, आणि वच्छलाबाई कुठंच न पाहता बोटांवर काहीतरी जुळवू लागल्या.

"पाचची गाडी," त्या सावकाश म्हणाल्या. "दोन वर्षांपासून चुकते. म्हणजे गाडीचा काही दोष नव्हता."

वैभवनं फाईल छातीशी धरली.

"न् मी त्या ड्रायव्हरले शिव्या देत होती. त्याच्या मायसमोर देल्ल्या."

"न् बायोडाटे?" बाबांनी मला विचारलं.

"मीच टाईप केले."

बाबा चिडावं की काय, हे ठरवत असावेत. पण चिडायला दोन्ही हात मोकळे लागतात आणि त्यांचा एक हात पाठीमागं होता. "तरीच अक्षर जुळलं," ते म्हणाले.

पहिले हसले ते गुणवंतराव, मग आई, आणि मग सगळेच. दादाजी मात्र तसेच उभे होते. "हसाचं ते बाहेर हसा," ते म्हणाले. "या हॉलमध्ये बसून कोणाचं भलं होत नाही."

अशा रीतीनं पाहुण्यांसाठी केलेला हॉल रिकामा ठेवून आम्ही सगळे अंगणात, पाडलेल्या कोठीच्या विटांवर जाऊन बसलो. आईनं खोबरेल तेलाची बाटली आणली आणि ती पोह्यांच्या आधी फिरली. दोन्हीकडची माणसं बाह्या वर करून, चकचकीत होऊन बसली. पोहे गार झाले होते, पण कोठीची सगळी गोष्ट सांगता सांगता संपले.

"आमच्याकडून हाव आहे," वच्छलाबाई म्हणाल्या.

मी वैभवकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर दोघंही हसलो असतो.

"पण एक अट आहे."

बाबांनी बशी खाली ठेवली.

"गादी याच कापसाची पाहिजे. जिनिंगमधून सरकी काढून, दोन दिवस कडक उन्हात वाळवून, पिंजून. फोमची आणली तं मी घरात घेणार नाही."

दादाजी गुरुवारपासून पहिल्यांदा बाबांकडे पाहून बोलले. "आयकलं का?"

"आयकलं," बाबा म्हणाले.

"चार गाद्या निघतीन," दादाजी वच्छलाबाईंना म्हणाले. "तुमच्या दोघांचीही एक होऊन जाईन. स्वयंपाकघरात झोपता म्हणता."

तेवढ्यात सुखदेव मिस्त्री फाटकातून आत आले, घणाचं डोकं घ्यायला. त्यांची मान आणि हात तसेच लाल होते. आईनं न विचारता तेलाची बाटली त्यांच्याकडे दिली. गुणवंतराव ज्या विटेवर बसले होते तिच्यावर बोट वाजवत म्हणाले, "मिस्त्री, ह्या विटा चांगल्या आहेत. एकही फुटली नाही."

"कापसावर पडल्या न," मिस्त्री म्हणाले.

"चार फूट बाय सहा फूट, वर छतापर्यंत. आमच्या घरी लावून द्याल का? लग्नात पाव्हणे येतीन, कापूस तं कुठं तरी ठेवा लागंन."

"अर्ध्या घंट्याचं काम आहे," मिस्त्री म्हणाले.

बाबा मधेच तोंड उघडून काही सांगणार होते. पण सोयरीक नुकतीच झाली होती, म्हणून गप्प बसले.

विटा त्याच दिवशी गेल्या, गाडीच्या डिकीत बसतील तेवढ्या. बाकीच्या नंतर ट्रॅक्टरनं. वच्छलाबाई पुढच्या सीटवर पायाशी आठ विटा घेऊन बसल्या. गाडी वळून बाहेर पडेपर्यंत आई पदरानं डोळे पुसत होती. मी म्हटलं, "आई, मी इथंच आहे. भिंत चालली." ती म्हणाली, सवय करून राहिली.

माझं लग्न अक्षय तृतीयेला झालं. पाठवणीच्या वेळी सगळे रडत असताना दादाजींनी माझ्या मुठीत काहीतरी दाबलं. कोठीचं कुलूप, आणि त्याची चावी. चावी सावरगावला कधी गेलीच नव्हती. बंडीच्या आतल्या खिशात होती.

लोधीखेड्याच्या बैठकीत आता आमची कोठी उभी आहे. आत गेलं की डाव्या हाताच्या दोन-तीन विटांवर आमच्या घराचा हिरवा रंग अजून दिसतो. सासऱ्यांचा कापूस मे महिन्यात गेला. ज्या भावासाठी थांबले होते त्यापेक्षा कमी भावानं गेला, पण ते वच्छलाबाईंसमोर बोलायचं नाही. कोठी रिकामी झाली तशी, ओंजळभर कापूस आत ठेवून, मी तिला कुलूप लावलं. आत काय आहे विचारलं की मी सांगते, जुनी भांडी न् कागदं.

फक्त लोधीखेड्यात गोटमार होत नाही. चावी कुठं गेली म्हणून कोणी विचारलं, तर काय सांगायचं ते अजून ठरवून राहिली.